दुर्बिणीच्या ऑपरेशनचा गॅस कोण मोजतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नुकतीच एका ग्रामीण रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची सोय झाल्याची बातमी वाचली आणि मनापासून आनंद झाला. पित्ताच्या खड्यांसाठी नागपूर गाठायचं म्हणजे रुग्णाबरोबर घरच्या दोघांची मजुरी बुडते, राहायची-जेवायची आबाळ होते, आणि म्हणून बायका वर्षानुवर्षं पोटदुखी अंगावर काढतात. हे सगळं मी जवळून पाहिलं आहे.

बातमीसोबत छायाचित्र होतं. मोठा मॉनिटर, कॅमेरा, हार घातलेली ट्रॉली, भोवती पाहुणे मंडळी. माझी नोकरी विदर्भातल्या सरकारी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, शेवटची वर्षं मी ओटी इनचार्ज सिस्टर होते, निवृत्तीनंतर एका खासगी रुग्णालयातही काम केलं. त्यामुळे माझी नजर मॉनिटरवरून ट्रॉलीच्या मागे गेली. तिथे एक सिलिंडर उभा होता. दुसरा दिसला नाही. बातमीत गॅसचा उल्लेख नव्हता, हत्यारांचे किती सेट आले ते नव्हतं, ती हत्यारं धुणार कोण हे तर नव्हतंच. रुग्णाचं बरंवाईट ज्या गोष्टींवर ठरतं त्या याच, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पोट न उघडता आत काम करायचं तर आधी जागा करावी लागते, कारण पोटाची भिंत आणि आतडी एकमेकांना लागून असतात. बेंबीपाशी लहानसा छेद घेऊन आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने पोट वर उचललं जातं. मग दहा आणि पाच मिलिमीटरच्या ट्रोकारमधून, म्हणजे पोटाच्या भिंतीतून घातलेल्या नळ्यांमधून, दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. आतला दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा, त्यापुढे नाही. दाब वाढला की पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, छातीखालचा पडदा वर ढकलला जातो आणि भूलतज्ज्ञाला श्वास देणं जड जातं. गॅस सुरुवातीलाच जोरात सोडला तर काही रुग्णांची नाडी एकदम उतरते. त्या वेळी पहिलं काम म्हणजे गॅस बंद करणं आणि भरलेला गॅस सोडून देणं. म्हणून आरंभ मिनिटाला एखाद्या लिटरने करतात, पोट नीट भरू लागल्यावर वेग वाढवतात. किती गॅस गेला, किती वेगाने जातोय आणि आत दाब किती आहे, हे दाखवणारं आणि आवरणारं यंत्र म्हणजे इन्सफ्लेटर. बातमीतल्या छायाचित्रांत ते कधी ठळक दिसत नाही, पण सगळं ऑपरेशन त्याच्या आकड्यांवर चालतं.

कार्बन डायऑक्साइडच का, असं मला नवीन मुली नेहमी विचारायच्या. आत कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं-जाळायचं हत्यार चालतं, ठिणगी उडते, तेव्हा पेट न घेणारा आणि पेटायला मदतही न करणारा वायू हवा. दुसरं म्हणजे तो रक्तात चटकन विरघळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. साध्या हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो, तो असा विरघळत नाही. हवेचा मोठा बुडबुडा शिरेत शिरून हृदयात पोचला तर माणूस टेबलावरच दगावू शकतो. कार्बन डायऑक्साइडनेही धोका संपत नाही, पण बराच कमी होतो. तो रक्तात वाढतो म्हणून भूलतज्ज्ञ श्वासातून बाहेर पडणाऱ्या गॅसचा आकडा सारखा पाहत असतात.

आता आठवा 2014 चा नोव्हेंबर. ओडिशाच्या अंगुल जिल्ह्यात बानरपाल इथल्या नसबंदी शिबिरात 56 बायकांच्या पोटात सायकलच्या पंपाने हवा भरली गेली. ती बातमी वाचून मी त्या रात्री जेवले नाही. त्याच महिन्यात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका सर्जनने एका दिवसात 83 बायकांची ऑपरेशनं केली, आणि त्या भागातल्या शिबिरांनंतर दहाहून अधिक जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने 14 सप्टेंबर 2016 च्या निकालात अशी नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. लोकांच्या लक्षात डॉक्टर राहिले. मला त्या पंपाबद्दल प्रश्न पडला. दुर्बीण त्या शिबिरापर्यंत पोचली होती. मग गॅस का पोचला नव्हता? इन्सफ्लेटर का नव्हता? दुर्बीण विकत घेताना त्याची मागणी कोणी लिहिली नव्हती का? सायकलचा पंप काही अचानक हातात येत नाही. ज्या जागी गॅस असायला हवा होता तिथे तो नव्हता, आणि तो नसतानाही काम थांबवायची कोणाला गरज वाटली नाही.

या शास्त्राच्या जुन्या माणसांनी गॅसवर किती विचार केला होता, हे वाचलं की मन भरून येतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग यांनी 1901 मध्ये कुत्र्याच्या पोटात दुर्बीण घालून दाखवली, तेव्हाही त्यांनी हवा कापसातून गाळून घेतली होती. 1924 मध्ये स्वित्झर्लंडच्या रिखार्ड त्सोलिकोफर यांनी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरा असं सांगितलं. हंगेरीचे यानोस व्हेरेस हे छातीचे डॉक्टर. क्षयाच्या रुग्णाच्या छातीत हवा भरताना फुप्फुसाला इजा होऊ नये म्हणून 1930 च्या दशकात त्यांनी स्प्रिंगची सुई केली. धारदार टोक आत शिरलं की बोथट दांडी झटकन पुढे येते आणि आतल्या अवयवाला राखते. आज पोटात गॅस भरायला आपण तीच व्हेरेस नीडल वापरतो. स्प्रिंग अडकत असेल तर ती सुई साधी टोकदार सुई होऊन बसते, म्हणून दर केसच्या आधी सिस्टरने ती बोटाने दाबून पाहायची असते. जर्मनीतल्या कील इथले कुर्ट सेम यांनी दाब स्वतः सांभाळणारा इन्सफ्लेटर आणला आणि 1980 मध्ये अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं. 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीतल्याच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्याकडे डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे ऑपरेशन केलं. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या टेबलावर! भारतात या शस्त्रक्रियेची सुरुवात तिथून झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणूनच आज ती तालुक्याला येताना अर्धवट येऊ नये असं वाटतं.

सिलिंडरबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, आणि ओटीत ती न कळल्यामुळे घोळ होतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये वायूच असतो, त्यामुळे गॅस संपत जाईल तसा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येतो. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये द्रव असतो. एसी ओटीत काटा साठ बारच्या आसपास उभा राहतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत जवळपास तिथेच असतो. मग मात्र भराभर पडतो. म्हणजे काटा पाहून सिलिंडर भरलेला आहे की तळाला गेला आहे, हे कळत नाही. कळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, वजन करणं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावर ठोकलेलं असतं. ते वजा केलं की उरलेला गॅस निघतो. एक किलो द्रवाचा पाचशेहून जास्त लिटर वायू होतो. मी आमच्या ओटीबाहेर साधा वजनकाटा ठेवायला लावला होता आणि फळ्यावर रोज सकाळी वजन लिहायचा नियम केला होता. किराणा दुकानात मिळतो तसा काटा, त्यासाठी कुठल्या मंजुरीची गरज नव्हती.

आमच्या विदर्भात आणखी एक अडचण आहे, आणि मुंबई-पुण्याच्या नियमपुस्तकात ती सापडत नाही. कार्बन डायऑक्साइड साधारण 31 अंशांपर्यंतच द्रव राहू शकतो. मे महिन्यात 45 अंशांत टेम्पोमधून आलेला सिलिंडर उघडला की दाब भलताच जास्त दिसतो, आणि ओटीत थंड झाल्यावर काटा खाली येतो. नव्या मुलांना वाटतं गळती आहे. उलट चूकही होते, उन्हात ठेवलेल्या सिलिंडरचा फुगलेला काटा पाहून तो भरलेला समजतात. भरलेले सिलिंडर सावलीत, उभे आणि साखळीने बांधून ठेवायचे. आडवा ठेवून लावला तर वायूऐवजी द्रव यंत्रात जाईल. रंग आणि पिना या दोन्ही गोष्टी दर वेळी पाहायच्या. ऑक्सिजनचं अंग काळं आणि खांदे पांढरे, भुलीचा नायट्रस ऑक्साइड निळा, कार्बन डायऑक्साइड करडा. शिवाय लहान सिलिंडरच्या मानेवर यंत्राच्या पिना बसायची भोकं प्रत्येक वायूसाठी वेगळ्या जागी असतात, म्हणजे चुकीचा सिलिंडर बसूच नये. कोणी पिन घासून किंवा तोडून सिलिंडर ‘बसवून’ देतो म्हणाला तर त्या माणसाला ओटीबाहेर काढावं. गॅस वैद्यकीय दर्जाचाच घ्यायचा, वेल्डिंग किंवा सोड्याच्या कारखान्यासाठी भरलेला नाही, आणि पुरवठादाराचं बिल तसं लिहिलेलं असल्याशिवाय सही करायची नाही.

गॅस मध्येच संपला तर काय होतं? एका खासगी रुग्णालयात ते मी पाहिलं आहे. पित्ताशयाची धमनी मोकळी करून झाली होती, क्लिप लावायची होती, आणि पोट खाली बसायला लागलं. पडद्यावर नुसता लाल-पिवळा गोळा दिसू लागला. आत तीन हत्यारं होती, त्यातलं एक कॉटरीचं हूक. सर्जनांनी हात जागच्या जागी धरून ठेवले, पायाचा पेडल सोडला. दुसरा सिलिंडर खालच्या मजल्यावर, त्या खोलीची किल्ली भांडारपालाच्या खिशात आणि भांडारपाल जेवायला गेलेले. सिलिंडर आला तर वॉशर फाटलेला. बाई वाचल्या, काही बिघडलं नाही, पण त्या काही मिनिटांत त्या सर्जनच्या कपाळावरचा घाम मी तीनदा टिपला. त्यानंतर तिथे दुसरा भरलेला सिलिंडर, पाना आणि दोन नवे वॉशर ओटीच्या आत, ट्रॉलीपासून हात लांब केला की मिळतील असे ठेवल्याशिवाय मी पहिला रुग्ण टेबलावर घेऊ दिला नाही. सर्जन चिडायचे. चिडू देत.

ज्या भागात गॅसचा पुरवठाच भरवशाचा नाही तिथे दुसरी वाटही आहे. ईशान्य भारतातले काही ग्रामीण सर्जन पोटाची भिंत बाहेरून उचलून धरून, गॅस न भरता, दुर्बिणीची ऑपरेशनं करतात. सगळ्याच ऑपरेशनांना ते जमत नाही, तरी आपल्या मेळघाट-गडचिरोलीसाठी त्याचा विचार तज्ज्ञांनी करावा.

आता हत्यारांकडे येते. खरं सांगायचं तर माझा जीव तिथेच जास्त गुंतलेला आहे. दुर्बिणीची हत्यारं लांब, सडपातळ, आतून पोकळ आणि सांध्यांची. ग्रास्पर नावाच्या चिमट्याच्या जबड्यात, मेरीलँड या वाकड्या टोकाच्या चिमट्याच्या बिजागरीत, सक्शनच्या नळीत रक्त आणि चरबी अडकते, ती वरून दिसत नाही. केस संपल्याबरोबर ती पाण्यात टाकायची, सुटी करायची, जबडे उघडे ठेवायचे, एन्झाइमच्या द्रावणात भिजवायची, नळीतून ब्रश फिरवायचा, पिचकारीने धुवायची आणि पूर्ण सुकवायची. मगच निर्जंतुक करायची. घाण राहिलेलं हत्यार कुठल्याही द्रवात बुडवलं तरी ते स्वच्छ होत नाही. आपल्याकडे मात्र एकाच सेटवर एकामागून एक केस घेतात, आणि दोन केसच्या मध्ये हत्यारं वीस मिनिटं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून ठेवतात. ओटीत त्याला सगळे सायडेक्स म्हणतात. वीस मिनिटांत बरेच जंतू मरतात, पण बीजरूपातले जंतू मारायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. पुढे आणखी वाईट होतं. बाहेर काढलेली हत्यारं नळाच्या पाण्याने विसळतात. आपल्या नळाच्या, टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असलेले मायकोबॅक्टेरिया राहतात. सगळी मेहनत त्या एका मगभर पाण्याने वाया जाते.

याचा त्रास लगेच दिसत नाही, म्हणून कोणी जबाबदारीही घेत नाही. टाके सुकतात, रुग्ण घरी जातो. तीन-चार आठवड्यांनी बेंबीपाशी गाठ येते, मग पाझर सुरू होतो. नेहमीची अँटिबायोटिकं चालत नाहीत. पू तपासणीला पाठवला तर साध्या तपासणीत काही उगवत नाही. मग महिनोन्महिने वेगळी औषधं, कधी गाठ कापून काढणं. माझ्या ओळखीची एक शेतमजूर बाई अशी वर्षभर फिरली. पित्ताशयाचं ऑपरेशन तासाभराचं होतं आणि फार सुरेख झालं होतं. तिची कापूस वेचणी गेली, घरच्या शेळ्या विकल्या गेल्या, आणि दर वेळी डॉक्टर बदलला की तिला सांगितलं जायचं की तुझ्यातच प्रतिकारशक्ती कमी आहे. तिच्या प्रतिकारशक्तीत काही कमी नव्हतं. ज्या हत्याराने तिचं ऑपरेशन झालं ते ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक व्हायला हवं होतं. धातूची, सुटी होणारी, ऑटोक्लेव्हमध्ये 121 किंवा 134 अंश सोसणारी हत्यारं बाजारात मिळतात. तीच घ्यावीत, आणि दिवसाला जितक्या केस तितके सेट असावेत. सेट दोन असतील तर दोनच केस घ्याव्यात. उरलेल्या रुग्णांना दुसऱ्या दिवशीची तारीख द्यावी. एकदाच वापरायचे म्हणून आलेले प्लास्टिकचे ट्रोकार पुन्हा पुन्हा वापरण्यापेक्षा हे कितीतरी बरं आणि शेवटी स्वस्तही.

दुसरा धोका हत्यारांच्या काळ्या आवरणाचा. कॉटरीच्या हूकवर, कात्रीवर विजेपासून रक्षण करणारं इन्सुलेशन असतं. ट्रोकारमधून आत-बाहेर घासून, ट्रेमध्ये आपटून त्याला बारीक चीर जाते. सर्जन पडद्यावर हूकचं टोक पाहत असतो आणि मधल्या चिरेतून वीज शेजारच्या आतड्याला चटका देते. ती जागा दुर्बिणीच्या नजरेत नसतेच. रुग्ण दुसऱ्या दिवशी हसत घरी जातो आणि काही दिवसांनी पोट फुगून, तापाने फणफणत परत येतो. मी दर धुण्यानंतर प्रत्येक हत्यारावरून कापसाचा बोळा फिरवायला शिकवत असे. तंतू अडकला तर ते हत्यार बाजूला. पण केसाएवढी चीर कापसाला सापडत नाही, त्यासाठी इन्सुलेशन तपासायचं यंत्र लागतं. कॅमेऱ्याच्या किमतीपुढे ते काहीच नाही, तरी मागणीपत्रात ते लिहिलेलं मी फार क्वचित पाहिलं. इन्सफ्लेटर आणि रुग्ण यांच्यामधल्या फिल्टरचंही तसंच. पोटातलं द्रव उलट यंत्रात जाऊ नये म्हणून तो असतो, प्रत्येक रुग्णाला नवा हवा, आणि तो संपला की नळी सरळ जोडून काम चालवलं जातं.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की दुर्बिणीचं यंत्र मंजूर करताना त्याच आदेशात पुढच्या गोष्टी लिहाव्यात: भरलेला राखीव सिलिंडर आणि वजनकाटा, हत्यारांचे पुरेसे सेट, इन्सुलेशन टेस्टर, फिल्टर, चालू स्थितीतला ऑटोक्लेव्ह, आणि गॅस-दुरुस्तीसाठी दर वर्षी वेगळा निधी. जनआरोग्य योजनेत सहभागी असलेल्या खासगी रुग्णालयांची तपासणी करताना ओटीतल्या खाटा-दिवे मोजण्याबरोबर हत्यारं धुण्याची जागा पाहावी. रुग्णाच्या नातेवाइकांनीही विचारावं, हत्यारं ऑटोक्लेव्ह होतात का, आज कितवा नंबर आहे. विचारल्याने कोणी डॉक्टर रागावला तर त्यांनी रागावू द्यावं. ऑपरेशननंतर दोन दिवस खांदा दुखला तर मात्र घाबरू नये. पोटातल्या गॅसमुळे छातीखालच्या पडद्याला त्रास होतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं, ते आपोआप जातं.

या सगळ्याहून माझं महत्त्वाचं मागणं माणसांबद्दल आहे. हत्यारं धुणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी कंत्राटी असते. मावशी किंवा मामा म्हणून तिला हाक मारतात, सहा महिन्यांनी ठेकेदार बदलतो आणि शिकवलेलं माणूस निघून जातं. ज्यांच्या हातात रुग्णाचं पोट सुरक्षित राहणं आहे त्यांना पद नाही, प्रशिक्षण नाही, गम बूट आणि जाड हातमोजेसुद्धा नाहीत. दुर्बिणीची सोय असलेल्या प्रत्येक रुग्णालयात या कामासाठी किमान दोन कायम पदं असावीत. प्रशिक्षण द्यायला माणसं मिळत नाहीत असं कोणी म्हणत असेल, तर माझ्यासारख्या निवृत्त ओटी सिस्टर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मला बोलवा, मी येईन. मानधन नको, एक धुण्याचं सिंक, एक ब्रश आणि शिकायला तयार असलेली दोन माणसं समोर द्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ओटी इनचार्ज परिचारिका, विदर्भ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)